वाया गेलेली आठ तावदानं

देओलिंदा रापोझू कामावरून परतली की थेट घरात शिरत नसे. मागच्या पडवीत अंगावरचे कामाचे कपडे उतरवायचे, उलटे करून झाकणाच्या बादलीत घालायचे, बूट तिथंच सोडायचे, आधी हात, मग तोंड, मग केस धुवायचे आणि मगच कॉफीला हात लावायचा. गेली चोवीस वर्षं हे असंच चाललं होतं. एखाद्या सोवळ्यातल्या बाईनं पाळावं तितक्या कडकपणे ती हे पाळी, आणि शेजारणी हसत. हसणाऱ्यांचं काय जातं! दिवसभर खिडक्या खरवडून आलेल्या साठीच्या बाईनं कुडकुडत्या जानेवारीत पडवीत उघडं उभं राहून कपडे बदलायचे, हे एकदा करून बघावं आणि मग हसावं.

अमेरिकेतल्या या फॉल रिव्हरमध्ये खिडक्यांना तोटा नाही. कापडगिरण्या जोरात होत्या तेव्हा कामगारांसाठी बांधलेली तीन मजली लाकडी घरं टेकडीवर अजून रांगेनं उभी आहेत, आणि एकेका घराला तीस-चाळीस खिडक्या. वर-खाली सरकणारी, लाकडी चौकोनात काच बसवलेली तावदानं, आत भिंतीत दोरीला टांगलेली लोखंडी वजनं, आणि लाकडावर शंभर वर्षांच्या रंगाचे थर. वरचे थर साधे असतात. खालच्या थरांत शिसं असतं. खिडकी उघडली-मिटली की रंग रंगावर घासतो, बारीक धूळ खालच्या पट्टीवर साचते, रांगतं मूल तिथं हात टेकतं आणि हात तोंडात घालतं. मामला एवढाच आहे. त्यात कुणाचा दुष्टपणा नाही, आणि त्यामुळेच लोकांना तो लवकर पटत नाही.

देओलिंदाला तो पटवून द्यावा लागला नव्हता. तिचा नवरा झेफेरीनू हेच काम करायचा, पण जुन्या पद्धतीनं. गॅसची ज्योत लावून रंग भाजायचा, फुगला की ओरबाडायचा आणि उरलेला कोरडाच घासायचा. चार वाजता धुळीनं पांढऱ्या झालेल्या कपड्यांनिशी घरी यायचा आणि दारातच डुआर्तला उचलून घ्यायचा. डुआर्त त्यांचा एकुलता एक मुलगा. तो सात वर्षांचा होईपर्यंत त्याचं रक्त तपासायला कुणी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा रक्तातल्या शिशाचा आकडा वीसच्या वर निघाला. शाळेतल्या बाई आधीपासूनच म्हणत होत्या की पोरगा गोड आहे, पण अक्षर त्याच्या डोक्यात ठरत नाही. हे शिशामुळे झालं की तो मुळातच तसा होता, हे कुठल्याही डॉक्टरनं छातीठोकपणे सांगितलं नाही. झेफेरीनू जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. डुआर्त छत्तिशीचा आहे, मासळीच्या शीतगोदामात खोकी उचलतो, आईजवळच राहतो, आणि घरी आलेलं कुठलंही पत्र वाचायला तिच्याकडे देतो.

नवरा असतानाच देओलिंदानं रीतसर शिक्षण घेऊन शिशाचा रंग उतरवण्याचा परवाना काढला होता. काम शिकायला नव्हे, काम तर तिला येतच होतं. न करायच्या गोष्टी शिकायला ती गेली होती. ज्योत लावायची नाही. कोरडं घासायचं नाही. पाणी फवारल्याशिवाय लाकडाला खरवडायची पट्टी लावायची नाही. खोलीला आधी जाड प्लॅस्टिकनं बांधून घ्यायचं, जमिनीपासून दारापर्यंत. तावदान चौकटीतून काढून वाफेच्या पेटीत ठेवायचं, म्हणजे जुनी पुट्टी लोण्यासारखी निघते आणि काच फुटत नाही. खरवड ओलीच पिशवीत भरायची. मग व्हॅक्यूम, मग दोनदा पुसणं, पुन्हा व्हॅक्यूम. शेवटी खिडकीची खालची पट्टी ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि तिथून उत्तर येईपर्यंत मुलाला त्या खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही. जे तावदान कुजलंय ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून, वर चिठ्ठी लावून कचऱ्याच्या खास गाडीत टाकायचं. घरमालकाच्या हाती त्यातलं काहीही द्यायचं नाही.

चोवीस वर्षं तोंडावर धूळ अडवणारा घट्ट मास्क, हातात पाण्याचा फवारा आणि गुडघे जमिनीवर. काम चांगलं होतं आणि ती चांगलं करायची, पण अलीकडे सकाळी गाडीत बसताना तिच्या मनात एकच विचार यायचा, की आज किती खिडक्या आहेत. दोन असल्या तरी तिला त्या वीस वाटायच्या. थकवा झोपून जाणारा नव्हता. आठवड्याची सुटी घेऊन पाहिली, तर सोमवारी तो पडवीत बुटांशेजारी वाट बघत बसलेला.

गेल्या ऑक्टोबरात तिनं विर्जिनियू पाशेकूचं घर केलं. विर्जिनियू हा डुआर्तचा धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानंच मूल हातावर धरलं होतं, तेव्हापासून ती त्याला कोंपाद्रे म्हणायची आणि तो तिला कोमाद्रे. आमच्या पोर्तुगीज बेटांवरून आलेल्या माणसांत हे नातं सख्ख्याहून वरचढ मानतात. विर्जिनियू शहात्तर वर्षांचा, पडद्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको वारलेली. तळमजल्यावर तो एकटा राहायचा. दुसऱ्या मजल्यावर त्याची उशिरा झालेली मुलगी नातालिया आणि तिची लेक लुझिया. नातालिया वृद्धाश्रमात रुग्णांची सेवा करायची, पहाटे पाचला घर सोडायची, आणि लुझिया दिवसभर आजोबांकडे असायची. लुझिया नुकती रांगायला लागली म्हणूनच तर खिडक्या करायच्या ठरल्या होत्या.

सगळ्या खिडक्या झाल्या. उत्तरेकडची आठ तावदानं मात्र पार गेलेली होती, बोट दाबलं तर आत जाईल अशी. ती तिनं सुताराकडून नवी करून घेतली आणि जुनी नियमाप्रमाणे गुंडाळून जिन्यापाशी रचून ठेवली.

विर्जिनियूनं ती पाहिली आणि त्याचा जीव कळवळला. घरामागं त्याचे भाजीचे वाफे होते. मोठ्या पानांची, गड्डा न धरणारी कोबी, जिला आम्ही कोव्ह म्हणतो आणि जिच्या सूपावर इथली निम्मी वस्ती पोसली गेली आहे. मार्चमधल्या थंडीत कोवळ्या रोपांवर काचेचं झाकण घातलं तर रोपं महिनाभर आधी धरतात. तिकडे साऊ मिगेल बेटावर त्याच्या आईनं एक फुटकी काच नऊ वर्षं वापरली होती. आणि इथं आठ तावदानं, काचा धडधाकट, आणि ती म्हणे कचऱ्यात. काच टाकणं हे आमच्या माणसांना जमतच नाही. भाकरी टाकायला जितकं जड जातं तितकंच ते जातं.

त्यानं मागितली तेव्हा देओलिंदा नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली तेव्हाही नाहीच म्हणाली, जरा चिडून. तिसऱ्या वेळी शुक्रवार होता. घर संपलं होतं, तिचा उजवा गुडघा पावासारखा फुगला होता, आणि ती आठ जड तावदानं जिन्यावरून उतरवून गाडीपर्यंत एकटीनं न्यायची होती. तिनं त्या ढिगाकडे पाहिलं, आणि तिला रडू आलं. तेवढ्यात विर्जिनियू दारात येऊन म्हणाला, "कोमाद्रे, मीच उतरवतो. तू जाऊन बस गाडीत."

तिनं त्याला सांगितलं की बाहेरच ठेवा, पोरीला जवळ येऊ देऊ नका, आणि हत्यार लावू नका त्यांना. तो हो म्हणाला. ती गाडीत बसली आणि घरी गेली. चूक झाली ती इथं, आणि कारण काही मोठं नव्हतं. तिला जिना उतरायचा कंटाळा आला होता.

नंतर हिवाळ्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मेपर्यंत ती घराबाहेर फारशी पडली नाही. नातालिया अधूनमधून कोव्हची जुडी आणून देई, देओलिंदा त्याचं सूप करी, लिंग्विसा सॉसेज घालून, आणि डुआर्त दोन वाट्या पिई. तावदानं तिच्या डोक्यातून साफ पुसली गेली.

जुलैत नातालियाचा फोन आला. लुझियाची नेहमीची रक्ततपासणी झाली होती. वर्षाची होती तेव्हा आकडा दोन होता. आता तेरा आला होता. साडेतीनच्या वर गेला की काळजीचं मानतात.

नातालिया ओरडली नाही. देओलिंदाला ती लहानपणापासून तिया, म्हणजे मावशी म्हणे. ती फक्त म्हणाली, "तिया, खिडक्या तुम्ही केल्यात."

देओलिंदानं एवढंच विचारलं की पुढची तपासणी कधी आहे. चार आठवड्यांनी, नातालिया म्हणाली. दवाखान्यातल्या परिचारिकेनं सांगितलं होतं की तोवर शिसं येतंय कुठून ते शोधा आणि थांबवा. आकडा वाढत गेला तर मुलीला इस्पितळात ठेवून औषध द्यावं लागेल, आणि जे आत गेलं त्यानं डोक्याचं काय केलं ते औषधानं मागं फिरत नाही. हे शेवटचं वाक्य देओलिंदाला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ती फडकी घेऊन त्या घरी गेली. एकेक खिडकी. कुठं खालची पट्टी, कुठं चौकटीची खाच, कुठं जमीन. दुखऱ्या गुडघ्यावर बसून तिनं छत्तीस फडकी घेतली, प्रत्येकावर खिडकीचं नाव घातलं आणि सगळी प्रयोगशाळेत पाठवली. नातालिया पूर्ण वेळ दारात हाताची घडी घालून उभी होती. कॉफी विचारली नाही. आमच्यात घरी आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते देओलिंदाला बरोबर कळलं. तिला राग आला नाही. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केलं असतं, असं तिला वाटलं. तिचं काम खोटं निघेल याची भीती तिला होती, आणि खरं निघेल याचीही. खरं निघालं तर मग शिसं येतंय तरी कुठून?

पाच दिवसांनी उत्तर आलं. छत्तीसच्या छत्तीस स्वच्छ.

कागद घेऊन ती दुपारी विर्जिनियूकडे गेली. दार उघडंच होतं, घरात कुणी नव्हतं. मागून लुझियाचा आवाज येत होता. देओलिंदा घराला वळसा घालून परसात गेली.

लुझिया वाफ्याच्या कडेवर बसली होती. हातात चमचा. माती चमच्यात घ्यायची, आजोबांच्या टोपीत टाकायची, आणि टोपी भरली की हसायचं. हनुवटीला माती लागलेली. तिच्या पाठीशी फळ्यांच्या चौकोनावर एकाला एक लागून आठ तावदानं बसवलेली होती, उन्हाळा म्हणून अर्धी उघडून काठीवर टेकवलेली. उन्हानं त्यांचा रंग सोलला होता. काळ्या मातीत जागोजागी नखाएवढ्या पांढऱ्या-हिरव्या कपच्या पडल्या होत्या.

देओलिंदानं आधी पोरीला उचललं. नळाखाली नेऊन तिचे हात धुतले, मग तोंड, मग पुन्हा हात, नखांखालून. लुझिया रडायला लागली. पलीकडे तण काढत बसलेला विर्जिनियू उठून आला आणि कौतुकानं म्हणाला की बघ, कशी चिडली, शेतकरीण आहे ती माझी, मातीतून उठवलेलं तिला खपत नाही, तोंडातसुद्धा घालते.

देओलिंदानं त्याला विचारलं की तावदानं वाफ्यावर इतकी नेमकी कशी बसली.

"कापली की," तो म्हणाला. "करवतीनं. चार-चार बोटं जास्त होती."

"आणि कडा?"

"घासल्या. चांगल्या दोन दिवस घासल्या पॉलिश पेपरनं. हात फिरवून बघ. पोरीला कुसळ लागायला नको."

देओलिंदानं हात फिरवला नाही. कडा गुळगुळीत दिसतच होत्या. कोरडं लाकूड, कोरडा कागद, दोन दिवस, आणि खाली वाफा. झेफेरीनूनं वर्षभरात उडवली नसेल इतकी धूळ या प्रेमळ म्हाताऱ्यानं दोन दिवसांत त्या मातीत कालवली होती, आणि का, तर नातीला कुसळ लागू नये म्हणून. त्यावर ओरडायचं तरी काय?

तिनं त्याला सांगितलं. हळू सांगितलं, एकदाच सांगितलं. तो पालथ्या बादलीवर बसला. लुझियाकडे न बघता तो कोव्हकडेच बघत राहिला. पानं चांगली हातभर झाली होती, हिरवीगार.

मग तो म्हणाला, "याच पानांचं सूप मी तिला रोज भरवलं. या हातांनी."

"पानं धुतली असतील तर त्यातून थोडंच गेलं असेल. मातीतून गेलं."

"तू म्हणाली होतीस हत्यार लावू नका म्हणून."

"म्हणाले होते."

"मला वाटलं, लाकूड ठिसूळ आहे म्हणून म्हणतेस."

तिनं त्याला कारण सांगितलं नव्हतं. ज्या घरी ती काम करी तिथं मालकाला समोर बसवून, अर्धा तास, चित्रं दाखवून कारण सांगायची. कोंपाद्रेला मात्र कारण कशाला सांगायचं, तो घरचाच माणूस, असं तिला त्या शुक्रवारी वाटलं होतं. की तेवढंही वाटलं नव्हतं? ती नुसती दमलेली होती.

दोघांनी मिळून वाफ्यावर पाणी मारलं. तिनं गाडीतून प्लॅस्टिक आणलं, त्याला मास्क बांधला, आणि माती, तावदानं, कोव्ह सगळं झाकून कडेनं विटा ठेवल्या. पानं प्लॅस्टिकखाली मोडली तेव्हा विर्जिनियूनं पुढची वीट उचलली. काम संपल्यावर नळाशी हात धुताना तो म्हणाला, "उद्या आरोग्य खात्याची बाई येणार आहे ना?"

"हो. दहा वाजता."

"मी तिला सांगतो, रस्त्याच्या कडेला पडली होती, उचलून आणली. लोक टाकतातच. कोण विचारतंय?"

देओलिंदानं नळ बंद केला.

"तुझा परवाना जाईल, कोमाद्रे. तुझ्या हाताखाली अजून किती घरं बाकी आहेत, किती लेकरं आहेत त्या घरांत. आणि डुआर्तला कोण आहे? मला काय, म्हातारा आहे, मूर्ख आहे, त्यांना पटेल. माझ्याकडून कोण काय काढून घेणार?"

ती हो म्हणाली नाही, पण नाहीसुद्धा म्हणाली नाही. हात पुसले, लुझियाच्या डोक्यावरून हात फिरवायला गेली आणि मधेच थांबली, कारण तिच्या अंगावर कामाचे कपडे होते. घरी येऊन पडवीत बदललं, धुतलं, कॉफी केली आणि ती तशीच गार होऊ दिली. विर्जिनियू चुकीचं काय म्हणाला होता? काहीच नाही. तिनं ते सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं आणि तिला ते प्रत्येक वेळी बरोबरच वाटलं. त्या रात्री ती लवकर आणि गाढ झोपली, आणि सकाळी त्याचीच तिला लाज वाटली.

आरोग्य खात्याची बाई दहाच्या ठोक्याला आली. केलिहर तिचं नाव, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र होतं, ते रंगावर टेकवलं की आत किती शिसं आहे ते कळतं. घरातल्या खिडक्यांवर तिनं ते टेकवलं आणि देओलिंदाकडे बघून मान हलवली, म्हणजे काम चोख आहे. मग परसात गेली. देओलिंदानं प्लॅस्टिक उचललं. बाईनं यंत्र एका तावदानाला लावलं आणि आकडा वाचून दाखवलाच नाही, नुसता लिहून घेतला. मातीचे नमुने पिशव्यांत भरले.

सगळे विर्जिनियूच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. नातालियानं त्या दिवसाची सुटी घेतली होती. लुझिया तिच्या कडेवर. केलिहर बाईनं सांगितलं की माती फूटभर खोल खणून न्यावी लागेल, परसात पोरीला सोडायचं नाही, जेवणाआधी आणि झोपेआधी हात धुवायचे, दूध, अंडी, पालेभाजी भरपूर द्यायची, पण पालेभाजी दुकानातली. मूळ सापडलं हे चांगलं झालं, पुढच्या तपासणीत आकडा उतरायला हवा. मग तिनं पेन काढलं आणि विचारलं की ही तावदानं इथं आली कुठून.

विर्जिनियूनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. इतकं सहज सांगितलं, की देओलिंदालाच क्षणभर ते खरं वाटलं. कुठला रस्ता, तर टेकडीखालचा, गिरणीजवळचा. कधी, तर हिवाळ्याआधी. बाई लिहीत गेली.

नातालियाचा आवाज चढला नाही. तिनं वडिलांना विचारलं की रस्त्यावरचं लाकूड उचलून घरी आणायची वेळ आली होती का आपल्यावर. तो म्हणाला की काच चांगली होती. तिनं विचारलं की आणताना पोरीचा विचार केलात का. आणि करवतीनं कापली, घासली, तेव्हा ती कुठं होती? तेव्हा ती वाफ्यापाशीच होती, गोधडीवर बसलेली, हे सगळ्यांना कळलं, कारण त्यानं मान खाली घातली.

"उद्यापासून लुझिया तुमच्याकडे राहणार नाही," नातालिया म्हणाली. "मी पाळणाघर बघते. माझ्यासमोर तिला भेटायचं, एरवी नाही. तुमच्यावर मी परत विश्वास कसा टाकू, बाबा, तुम्हीच सांगा."

विर्जिनियूनं मान डोलावली. बरोबर आहे तुझं, असं काहीतरी पुटपुटला. लुझिया आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढं करून "वावो, वावो" अशी आजोबांना हाक मारत त्याच्याकडे झेपावत होती, आणि नातालिया तिला मागं ओढत होती. म्हाताऱ्याचे हात टेबलावर होते. ते त्यानं टेबलाखाली नेले, पोरीला दिसू नयेत म्हणून.

देओलिंदा ओट्याला टेकून उभी होती. काल त्यानं विचारलं होतं, माझ्याकडून कोण काय काढून घेणार, आणि तिनं ते ऐकून घेतलं होतं. त्याच्याकडे काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं. आत्ताही गप्प बसणं सोपं होतं. तिचं सगळं अंग तेच मागत होतं, की बसू दे, संपू दे, घरी जाऊ दे. त्या शुक्रवारीही तिच्या अंगानं हेच मागितलं होतं.

"तावदानं मी दिली," ती म्हणाली.

केलिहर बाईचं पेन थांबलं.

"ऑक्टोबरात. याच घरातली आहेत, उत्तरेकडची. टाकायची म्हणून मी बांधून ठेवली होती. मी दमले होते, म्हणून कोंपाद्रेंना देऊन टाकली."

"ती उगाच काहीतरी सांगतेय," विर्जिनियू म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा." मग ती नातालियाकडे वळली. "हत्यार लावू नका म्हटलं होतं मी. का लावायचं नाही, ते सांगितलं नाही. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

नातालिया देओलिंदाकडे बघत राहिली. लहानपणी ती आणि डुआर्त एकाच वर्गात बसले होते, आणि बाईंनी वाचायला उभं केलं की ती त्याला हळूच शब्द सांगायची.

"डुआर्तचं सगळं बघितलंयत तुम्ही," ती म्हणाली. "आणि तरी दिलीत?"

"तरी दिली."

केलिहर बाईनं आधी लिहिलेलं खोडलं आणि नवीन लिहायला घेतलं. तिनं देओलिंदाला परवान्याचा क्रमांक विचारला. देओलिंदानं तो न बघता सांगितला. उद्या कार्यालयात येऊन हेच पुन्हा लिहून द्यावं लागेल, बाई म्हणाली, आणि देओलिंदा येते म्हणाली.

नातालिया उठली. टेबलाला वळसा घालून वडिलांपाशी गेली आणि लुझियाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. विर्जिनियूनं टेबलाखालचे हात वर काढले, पण पोरीला धरायचं धाडस त्याला होईना, तेव्हा नातालियानंच ते हात धरून पोरीभोवती नीट बसवले.

"मास कापून द्या तिला, बाबा," ती म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

मास म्हणजे आमचा गोड पाव; त्याचा तुकडा त्यानं तोडून पोरीच्या हातात दिला. केलिहर बाईनं कागद आवरले. नातालियानं बाईसाठी कॉफी ओतली, वडिलांसाठी ओतली, आणि भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही जा, तिया," ती देओलिंदाकडे न बघता म्हणाली.

देओलिंदानं पिशवी उचलली. दारातून बाहेर पडली, कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, आणि गाडीपर्यंत पोचेतो मागून कुणाची हाक आली नाही.